ऑइलमधली चमक (गीता, अध्याय १६, श्लोक १)



तीन आठवडे इथे रोजचं चिंतन आलं नाही. काही जणांनी आपुलकीने विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत बरी आहे. रोज एक श्लोक, या आपल्या क्रमाप्रमाणे पंधरावा अध्याय संपला आणि सोळाव्याच्या पहिल्याच श्लोकावर मी अडकलो. अर्थ कळला नाही म्हणून नाही, कळला म्हणून. आज ते सगळं सांगायचं ठरवलं आहे. थोडं लांबेल. सांभाळून घ्या.

आधी श्लोक. सोळाव्या अध्यायात भगवंत दैवी संपत्तीची यादी देतात. एकूण सव्वीस गुण, साडेतीन नाही, अडीच श्लोकांत सांगितलेले. पहिल्या श्लोकात त्यातले नऊ येतात: अभय, सत्त्वसंशुद्धी म्हणजे अंतःकरण स्वच्छ होणं, ज्ञान आणि योग यांत स्थिर राहणं, दान, दम म्हणजे इंद्रियांवर ताबा, यज्ञ, स्वाध्याय, तप आणि शेवटी आर्जव. आर्जव म्हणजे विनवणी नव्हे. मराठीत आपण 'आर्जवं करणे' म्हणतो तो अर्थ इथे नाही. इथे आर्जव म्हणजे ऋजुता, सरळपणा. आत एक आणि बाहेर एक असं नसणं.

पहिला शब्द अभय, शेवटचा शब्द आर्जव. हे दोन शब्द लक्षात ठेवा. आता माझी गोष्ट.

अडीच वर्षांपूर्वी दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन. घर वर्ध्याला, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस नागपूरला. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून कधी कधी येळाकेळीवरून वर चढायचं आणि थेट नागपूर गाठायचं. रस्ता सरळ, गाडी नवी, पाय आपोआप दाबला जातो.

आता या वर्षी कंपनीने बराचसा वेळ घरून काम करायला सांगितलं. मग गाडी विकून लहानशी घ्यावी असं ठरलं. ओळखीतून एक मुलगा आला, आर्वीकडचा. औषध कंपनीत एमआर आहे. दिवसभर यवतमाळ, हिंगणघाट, चंद्रपूर असं फिरणं. मोटरसायकलवर उन्हातान्हात फिरून थकला होता. गाडी बघितली, चालवली, आवडली. थोडं बँकेचं कर्ज, बाकीच्यासाठी आईने पाटल्या मोडल्या, हे त्यानेच सहज बोलता बोलता सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी सौदा ठरला आणि त्याने अकरा हजार रुपये बयाणा माझ्या खात्यात टाकला.

शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन आमच्या मिस्त्रींकडे गेलो. गाडी द्यायची तर ताजं ऑइल टाकून, धुऊन-पुसून द्यावी, चांगलं दिसतं, एवढाच हेतू. मिस्त्रींनी खालून नट काढला आणि काळं ऑइल कापलेल्या डब्यात सोडलं. मी मोबाइल बघत उभा होतो. त्यांनी डबा उचलून उन्हात नेला, हलवला आणि मला हाक मारली.

"भाऊ, इकडे या. हे पाहा. चमकून राह्यलं ना?"

खरंच चमकत होतं. काळ्या तेलात भुकटीसारखी बारीक चमक. डबा फिरवला की ती चमकही फिरायची. मिस्त्रींनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्यात फिरवलं. काही कण चिकटले, बरेच नाही चिकटले. मग त्यांनी जुना ऑइल फिल्टर कापला, आतल्या कागदाच्या घड्या उलगडल्या आणि बोटाने पुसून दाखवल्या. घड्यांमध्ये बारीक पापुद्रे होते, तांबूस.

"हे चुंबकाले चिकटत नाही म्हणजे लोखंड नाही. हा रंग तांब्याचा आहे. बेरिंग खाऊन राह्यलं तुमचं. ऑइल कधी बदललं होतं?"

इथे मी गप्प झालो. कारण उत्तर मला माहीत होतं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायचं, असं पुस्तकात लिहिलं होतं. मोबाइलवर आठवण यायची, मी बोटाने बाजूला सारायचो. रिलीज आहे, पुढच्या महिन्यात बघू. उन्हाळा झाला की बघू. असं करत त्याच ऑइलवर गाडी अठरा हजारांच्या वर चालली होती. वॉरंटीची मुदतही संपलेली, आणि नोंदीतली सर्व्हिस चुकलेली. त्यामुळे दोष कोणावर टाकायला जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना जास्त लाज वाटते. दोन महिन्यांपासून सकाळी गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद आतून बारीक टकटक यायची. मला ऐकू यायची. मी काय करायचो? किल्ली फिरवली की लगेच हरिपाठ लावायचो. आवाज जरा मोठा. टकटक ऐकू यायची बंद झाली. मला वाटायचं, आपला दिवस नामस्मरणाने सुरू होतो.

मिस्त्री म्हणाले, "इंजन खोलावं लागते, भाऊ. आता लवकर खोललं तं क्रँक वाचेल."

मी विचारलं, "नवीन ऑइल टाकलं तर किती चालेल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चालेल. महिना चालेल, सहा महिने चालेल, सांगता येत नाही. पण तेल बदललं म्हणजे इंजन नाही बदलत."

मी म्हटलं, "टाका नवीन."

नवीन ऑइल आलं. पट्टी काढून बघितली तर मधासारखं सोनेरी, स्वच्छ. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, वा, गाडी किती जपली आहे. गाडी घरी आणून लावली. घरी कोणाला काही बोललो नाही. त्या मुलालाही नाही.

शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस त्याचे अकरा हजार माझ्या खात्यात आणि त्याच्या भावी इंजिनाचं खरं माझ्या पोटात. आणि या तीनही दिवशी मी सकाळी इथे चिंतन लिहिलं! सोमवारी पंधराव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक होता. हे गुह्य जाणणारा बुद्धिमान आणि कृतकृत्य होतो, असा त्याचा आशय. मी कृतकृत्यतेवर चार परिच्छेद लिहिले. तुमच्यापैकी काहींनी छान म्हणून कळवलंही. ते वाचताना मला काय वाटत होतं ते मलाच माहीत.

मनाकडे युक्तिवाद खूप असतात. जुनी गाडी घेणाऱ्याने तपासूनच घ्यायची असते. त्याने चालवून बघितली ना? मिस्त्रींचा अंदाज चुकीचाही असू शकतो. थोडी चमक तर प्रत्येक इंजिनात असते. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो अर्धा खरा होता.

तो अर्धा खरा भाग समजून घेण्यासारखा आहे, म्हणून जरा इंजिनिअरिंग सांगतो.

इंजिनात क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो, पण बरोबर चाललं असेल तर तो बेरिंगला टेकतच नाही. दोघांमध्ये ऑइलचा एक पडदा असतो, काही मायक्रॉन जाडीचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून कल्पना करा. त्या पडद्यावर सगळा भार तरंगतो. ऑइल जुनं झालं की त्यातली औषधं संपतात, गाळ होतो, तळातली जाळी तुंबते, दाब कमी पडतो, आणि कधीतरी धातूला धातू लागतो. सुटलेला कण पुन्हा त्याच पडद्यात येतो आणि दुसरा कण काढतो. झीजच झिजेला जन्म देते.

फिल्टर असतो की, असं कोणी म्हणेल. असतो. पण साधा फिल्टर मोठे कण धरतो, अगदी बारीक कण त्यातून निघून जातात. शिवाय फिल्टर तुंबला की एक बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात जातं. ही चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. अजिबात ऑइल नसण्यापेक्षा घाणेरडं ऑइल बरं. पण फिल्टर आहे म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला तो व्हॉल्व्ह कधी उघडला ते कळत नाही.

आता अर्धं खरं. नव्या इंजिनात सुरुवातीला धातूचे कण सापडणं स्वाभाविक आहे. सिलिंडरच्या भिंतीवर घासकामाच्या बारीक रेषा असतात, त्यांचे उंचवटे पहिल्या काही शे-हजार किलोमीटरमध्ये झिजून बसतात. ते कण पहिल्या ऑइलबरोबर निघून जातात आणि पुढे चमक कमी होत जाते. म्हणून प्रश्न "कण आहेत का" हा नसतो. कण कशाचे, केवढे, आणि वाढताहेत की कमी होताहेत, हा प्रश्न असतो. लोखंड जास्त असेल तर रिंग, लायनर, कॅम. ॲल्युमिनियम असेल तर पिस्टन. तांबं, शिसं, कथील असेल तर बेरिंग. सिलिकॉन असेल तर बहुधा एअर फिल्टरमधून धूळ शिरते आहे. रेल्वेवाल्यांना हे फार आधी कळलं. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वेंनी डिझेल इंजिनांच्या ऑइलची वर्णपटाने तपासणी सुरू केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ऑइलचे नमुने असेच तपासतात. इंजिन न खोलता आत काय झिजतं आहे ते ऑइल सांगतं.

कधी कधी दोष जन्मापासूनचाही असतो. मे २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. २०२२-२३ च्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स. कारखान्यात कातकाम करताना उडालेला धातूचा चुरा काही इंजिनांतून पूर्ण साफ झाला नव्हता, त्याने बेरिंग खराब होऊन गाडी चालता चालता बंद पडू शकते, असं कंपनीने जाहीर केलं. जगातली एवढी नावाजलेली कंपनी, आणि तिला सगळ्यांसमोर सांगावं लागलं की आमच्या इंजिनात कचरा राहिला. त्यामागे कायद्याचा धाक असेल, पण सांगितलं.

मंडळी, आपल्या मनाचंही असंच आहे. काही चुरा आपण जन्माबरोबर घेऊन येतो. पूर्वसंस्कार म्हणा, घराण्याचा स्वभाव म्हणा. कोणाचा राग तसा, कोणाचा लोभ तसा. काही झीज मात्र आपण स्वतः करून घेतो, वेळच्या वेळी साधना न करून. साधक झालो की पहिल्या काही महिन्यांत मनातून खूप काही निघतं. ध्यानाला बसलं की नको नको ते विचार येतात आणि लोक घाबरून उठतात. तिथे घाबरायचं कारण नाही, ते पहिल्या ऑइलमधले कण आहेत, निघू द्यावेत. पण दहा वर्षं पूजा करूनही तीच चमक वाढत असेल, तर ते बेरिंग आहे. तिथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

आता पुन्हा माझ्या गोष्टीकडे येतो. मंगळवारी पहाटे वाचायला बसलो आणि सोळाव्याचा पहिला श्लोक समोर आला. एरवी मी हे नऊ गुण भराभर वाचून पुढे गेलो असतो. त्या दिवशी पहिल्या शब्दावरच थांबलो. अभय पहिलं का?

सत्य पहिलं का नाही? सत्य दुसऱ्या श्लोकात येतं. अंतःकरणाची शुद्धी पहिली का नाही? ती दुसरी आहे. आधी अभय, मग शुद्धी.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. त्यात सोळाव्या अध्यायाच्या वेळी विनोबा या क्रमाकडे लक्ष वेधतात. गुणांच्या या सेनेत सर्वांत पुढे अभय आणि सर्वांत मागे नम्रता. पुढून येणारा हल्ला अभय झेलतं, मागून येणारा अहंकार नम्रता अडवते. हे मी अनेकदा वाचलं होतं. पण अभय म्हणजे वाघाला न भिणं, तुरुंगाला न भिणं, असंच काहीतरी मोठं माझ्या डोक्यात होतं. आपल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा त्याच्याशी काय संबंध?

मग लक्षात आलं. मी मिस्त्रींकडे "नवीन टाका" म्हणालो ते लोभाने म्हणालो असं मला तीन दिवस वाटत होतं. लोभ होताच. पण त्याच्या खाली भीती होती. पैसे जातील याची. बाबा काय म्हणतील याची. शिकलेला इंजिनिअर आणि साधं ऑइल बदलता आलं नाही, असं लोक म्हणतील याची. टकटक ऐकू आली तेव्हा हरिपाठाचा आवाज वाढवला तोही भीतीनेच. भिणारा माणूस बघत नाही. बघितलं तर कबूल करावं लागतं. जो बघतच नाही त्याची शुद्धी कशी होणार? म्हणून भगवंतांनी अभय आधी ठेवलं. घाण आहे हे बघण्याची छाती आधी, साफसफाई नंतर.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक हे रोज बघतो. प्रोग्राम चुकतो तेव्हा तो लॉगमध्ये लिहून ठेवतो. नवशिका मुलगा कधी कधी लॉगच बंद करतो. पडद्यावर लाल अक्षरं दिसायची बंद होतात, चूक तिथेच असते. अशा मुलांना मी किती वेळा रागावलो आहे! आणि स्वतः काय केलं? लॉग पुसून सोनेरी ऑइल भरलं.

त्या दिवशी ऑफिसची मीटिंग सुरू व्हायच्या आधी गोपुरीच्या गीताई मंदिरात जाऊन आलो. वर्ध्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, या मंदिरात मूर्ती नाही, वर छत नाही. उभ्या दगडी शिळांवर गीताई कोरलेली आहे. आईला संस्कृत गीता कळेना, तेव्हा तूच मराठीत का करत नाहीस, असं ती विनोबांना म्हणाली होती. ती १९१८ मध्ये गेली. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ला लिहायला घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरं केलं. आईचा शब्द बारा वर्षांनी पाळला. सोळाव्या अध्यायाच्या शिळेसमोर मी उभा राहिलो. ऊन चढत होतं. उघड्यावर कोरलेल्या अक्षरांना लपायला जागा नसते. मला मात्र लपायचं होतं.

आर्जव या शेवटच्या शब्दापर्यंत आलो आणि तिथेच बाहेर येऊन त्या मुलाला फोन लावला.

सगळं सांगितलं. ऑइल, कण, बेरिंग, माझी चुकलेली सर्व्हिस. बयाणा लगेच परत पाठवतो म्हणालो. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुम्हाला शनिवारीच कळलं होतं ना?"

"हो."

"मग आज मंगळवार आहे."

मला उत्तर देता आलं नाही. तो पुढे म्हणाला, "तुमची पक्की झाली म्हणून मी रविवारी दुसरी गाडी सोडली. ती विकली गेली. ठीक आहे, सांगितलं ते बरं केलं." फोन ठेवला.

पैसे परत पाठवले. तो अजून मोटरसायकलवरच फिरतो आहे, एवढं मला कळलं आहे. एप्रिलचं वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. सत्य बोलल्यावर सगळं गोड होतं असं मी सांगू शकत नाही. सत्य बोललो, पण तीन दिवस उशिरा बोललो, आणि त्या तीन दिवसांची किंमत मी नाही, त्याने दिली. आर्जवाला उशीर चालत नाही हे मला श्लोकातून नाही, त्याच्या आवाजातून कळलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं. त्यांच्यासमोर इंजिनाची हेळसांड कबूल करणं मला सगळ्यात जड गेलं. ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचे पैसे वापस केले?"

"हो, बाबा."

"मग जेवून घे."

रात्री मला गांधीजींची गोष्ट आठवली. आपल्या सेवाग्रामला ते १९३६ मध्ये आले, पण ही गोष्ट त्याच्या खूप आधीची, राजकोटची. पंधराएक वर्षांचे असताना भावाचं कर्ज फेडायला त्यांनी भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. कर्ज फिटलं, पण मन राहीना. वडिलांना तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून चिठ्ठी लिहून दिली आणि शिक्षा मागितली. वडील आजारी होते. उठून बसून त्यांनी ती वाचली, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं, त्यांनी चिठ्ठी फाडली आणि पुन्हा पडले. सेवाग्रामची कुटी बघायला जगभरातून लोक येतात. मला वाटतं, त्या कुटीचा पाया राजकोटच्या त्या चिठ्ठीत आहे. चोरी सगळेच करतात, छोटी-मोठी. चिठ्ठी लिहिणारे थोडे.

गाडीचं इंजिन उतरवलं. बेरिंगच्या वाट्या बाहेर काढल्या तेव्हा वरचा करडा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलं होतं. क्रँक वाचला. तळातली जाळी गाळाने भरली होती. सोळा दिवस आणि चौऱ्याहत्तर हजार रुपये लागले. मिस्त्री म्हणाले, "अजून दोन महिने चालवली असती तं क्रँक गेला असता." म्हणजे तो मुलगा दोन महिन्यांनी चंद्रपूरच्या रस्त्यावर कुठेतरी बंद गाडीपाशी उभा असता. मी इथे कदाचित क्षमेवर लिहीत असतो.

त्यातली एक झिजलेली वाटी मी मागून घेतली. देवघराजवळ ठेवली आहे. आईने विचारलं, हे काय? म्हटलं, माझा स्वाध्याय.

स्वाध्याय हाही त्याच श्लोकातला शब्द. आपण त्याचा अर्थ ग्रंथ वाचणं असा करतो, तो बरोबरच आहे. पण 'स्व'चं अध्ययनही त्यात आहे. मी ग्रंथ रोज वाचत होतो. स्वतःला वाचायचं राहिलं होतं.

आता हे सगळं लिहिताना एक नवी चमक दिसते आहे, तीही सांगून टाकतो. 'बघा, मी कसं प्रांजळपणे कबूल केलं' असा एक बारीक कण मनात फिरतो आहे. विनोबा म्हणतात ती मागची बाजू हीच. तिसऱ्या श्लोकात शेवटी नातिमानिता येते, म्हणजे आपल्या चांगुलपणाचाही ताठा नसणं. म्हणून तुम्ही मला छान म्हणू नका, ही विनंती. तुमच्या ओळखीत वर्ध्याकडे कोणी चांगली, तपासलेली जुनी गाडी विकत असेल तर कळवा. त्या मुलाला सांगायची आहे. मिस्त्रींकडून तपासून देण्याचा खर्च माझा.

आजचा अभ्यास:

१. आज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं बसा. दिवसात कुठे कुरबुर झाली, घरात, कामावर, कोणाशी, ते बघा. त्यावर लगेच नाम, भजन, मोबाइल असं काही लावू नका. आधी ती टकटक ऐका.

२. जो कण सापडेल तो कशाचा आहे ते ओळखा. राग म्हणजे एक, भीती म्हणजे दुसरं, हेवा म्हणजे तिसरं. सगळ्याला 'टेन्शन' म्हणू नका.

३. महिन्याभरापूर्वीपेक्षा तो वाढला की कमी झाला, ते स्वतःशी खरं बोला.

४. त्यातलं एखादं कोणाला तरी सांगणं लागत असेल, तर उद्यावर टाकू नका. मी तीन दिवस टाकलं.

देवा, माझ्यात काय झिजतं आहे ते तुला दिसतंच. मला बघवेल एवढं अभय दे. बघितलेलं सांगता येईल एवढा सरळपणा दे. आणि सांगून झाल्यावर मान खाली राहील एवढी नम्रता दे.

उद्यापासून क्रम पुन्हा सुरू. सोळावा अध्याय, दुसरा श्लोक. सुरुवात अहिंसेने आहे, आणि लगेच पुढे सत्य.

राम कृष्ण हरी.